शेजारच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, माझ्या वर्गात मीच ऐकू येत नाही

पत्र थोडक्यात: लिहिणारी २७ वर्षांची आहे. तालुक्याच्या गावात एका अनुदानित हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवते. पवित्र पोर्टलमधून (सरकारची शिक्षक भरतीची वेबसाइट) लागली, शिक्षण सेवक म्हणून (पहिली तीन वर्षं नुसत्या मानधनावर) दुसरं वर्ष चालू आहे. आठवी ब ची वर्गशिक्षिका, पटावर ५८ मुलं. वर्ग शांत बसत नाही. शेजारी आठवी अ ला एक सिनियर सर आहेत, ते घंटा व्हायच्या आधीच दारात उभे असतात आणि त्यांच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते. मुख्याध्यापकांनी दोनदा बोलावून "मॅडम, वर्गावर कंट्रोल नाही तुमचा" असं सुनावलं. पहिल्या वर्षी मैत्रिणीसारखं वागून बघितलं तर मुलं डोक्यावर बसली. यंदा कडक व्हायचं ठरवलं तर ओरडून ओरडून घसा बसला. मागच्या आठवड्यात एका मुलाला बाकावर उभं केलं आणि "तुला पण बापासारखी गाडीच ढकलायचीये का" असं बोलून गेली. वडिलांची भाजीची हातगाडी आहे. तेव्हापासून तो मुलगा मान वर करत नाही. प्रयोगाच्या दिवशी मात्र घंटा कधी झाली कळत नाही, असंही एका ओळीत लिहिलंय. प्रश्न असा की शिक्षक हा मुळातच असावा लागतो का, "माझा आवाज बारीक, पर्सनॅलिटी नाही", मग हे सोडून एमपीएससीचा अभ्यास करू का.

अगं, पत्राच्या शेवटी "तुमच्या मुलीच्या वयाची" असं लिहिलंयस म्हणून सरळ अगं-तुगंच करते. मी ३१ वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी पर्समधे अजून खडूचा तुकडा सापडतो. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला पण वाटलं की कंट्रोलचा प्रश्न आहे, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की हिने उत्तरं पत्रातच लिहून पाठवलीयेत आणि हिला ते माहीत नाहीये.

पण ते नंतर. आधी त्या पोराचं बघ.

उद्या तासाला गेलीस की हजेरी झाल्यावर सगळ्यांसमोर एवढंच म्हण, "त्या दिवशी मी याच्या वडिलांबद्दल बोलले ते चुकलं माझं, मी तसं बोलायला नको होतं." बस. "पण तू पण बडबड करत होतास" हे पुढे जोडू नकोस, जोडलंस की सगळं मुसळ केरात. लगेच फळ्याकडे वळ आणि गणित सुरू कर, म्हणजे त्यालाही सगळ्यांच्या नजरा झेलत बसावं लागणार नाही. एकट्याला स्टाफ रूममधे बोलावून सॉरी म्हटलं तर चालेल का, असं तुझ्या मनात येईल (माझ्याही आलं असतं), पण अपमान ५७ जणांसमोर झाला ना, मग भरपाई पण तिथेच व्हायला पाहिजे. वचक जाईल म्हणून घाबरू नकोस, मी दोन-तीनदा मागितलीये माफी वर्गात, काही गेलं नाही. कायद्याचं म्हणशील तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम १७ मधे मारण्याबरोबर मानसिक त्रास देण्यालाही बंदी आहे, म्हणजे छडी लागली नाही, नुसती जीभ लागली तरी ते त्यात येतं. हे तुला भीती घालायला सांगत नाहीये, बऱ्याच शिक्षकांना अजून वाटतं की हात नाही लावला म्हणजे आपण सुटलो, म्हणून लिहिलं.

आता तुझा वर्ग.

शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग हे तू धरूनच चाललीयेस, आणि तुझे मुख्याध्यापक पण. मीही धरलं होतं. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझा वर्ग असा गप्प बसायचा की तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबहीत "वर्गनियंत्रण उत्तम" असं लिहिलं, मी घरी येऊन तो शेरा नवऱ्याला दोनदा ऐकवला. पुढच्याच महिन्यात सहामाहीचे पेपर तपासायला घेतले. ए प्लस बी चा होल स्क्वेअर बरोबर काय, तर निम्म्याहून जास्त पोरांनी लिहिलेलं, ए स्क्वेअर प्लस बी स्क्वेअर. मधलं टू ए बी गायब! मी ते सूत्र तीन तास शिकवलं होतं, प्रत्येक तासाला "कळलं का?" विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी अख्ख्या वर्गाने एका सुरात "होऽऽऽ बाई" म्हटलं होतं.

तू पण विचारतेस ना "कळलं का?" सगळेच विचारतात, आणि त्याचं उत्तर "हो" शिवाय दुसरं काही येतच नाही. कोण उभं राहून ५७ जणांसमोर सांगणार की बाई मला नाही कळलं.

त्या सुट्टीनंतर मी काय केलं ते सांगते, कारण याच्यातच बरंच काही आहे. फळ्यावर ते चुकीचंच उत्तर लिहिलं आणि म्हटलं एकाने असं लिहिलंय (कोणी ते सांगितलं नाही, निम्मा वर्ग होता), बरोबर की चूक ते बोलू नका, वहीत लिहा. मग म्हटलं ए ला ३ घ्या आणि बी ला ४. तीन अधिक चार सात, साताचा वर्ग ४९. आणि वेगवेगळे वर्ग करून मिळवले तर ९ अधिक १६, पंचवीस. मग मी गप्प बसले. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, बाई २४ कुठे गेले? बघ, तो प्रश्न मला विचारायचा होता आणि पोराने विचारला. मग सात बाय सातचा चौकोन वहीत काढायला लावला, ३ आणि ४ ला आडव्या-उभ्या रेघा मारायला लावल्या, आणि पोरांना ते बारा-बाराचे दोन आयत सापडले. त्या दिवशी वर्गात इतका कल्ला झाला की शेजारच्या वर्गातून शिपाई आला बघायला काय झालं म्हणून. तो शेरा लिहिणारे साहेब त्या दिवशी आले असते तर त्यांनी काय लिहिलं असतं कोणास ठाऊक. पण टू ए बी त्या बॅचमधे पुन्हा फारसं कोणी विसरलं नाही.

म्हणून तुझ्या वर्गातल्या आवाजाबद्दल मला आधी हे विचारायचंय की तो आवाज कशाचा आहे? गणिताबद्दल भांडतायत की क्रिकेटबद्दल? दोन्हीला तू "गोंधळ" म्हणतेस, आणि प्रयोगाच्या दिवशी घंटा कळत नाही म्हणतेस तेव्हा त्या दिवशीही वर्ग काही मुका नसणार ना.

आता त्या शेजारच्या सरांकडे ये. तू त्यांच्यात फक्त धाक बघितलास, पण तूच लिहिलंयस की ते घंटा व्हायच्या आधी दारात उभे असतात. तू कधी पोचतेस? खरं सांग. तू मागच्या तासावरून दुसऱ्या तुकडीतून धावत येत असशील, मधे स्टाफ रूममधे डस्टर घ्यायला थांबत असशील, आणि पोचेपर्यंत वर्गाचा बाजार झालेला असतो, मग तो बाजार उठवण्यात सात मिनिटं जातात. ३५ मिनिटांचा तास, त्यातले सात म्हणजे पाचवा हिस्सा. आठवड्याला सहा तास धरले तर ४२ मिनिटं, म्हणजे एक अख्खा तास आणि वर थोडं, दर आठवड्याला, नुसतं "गप्प बसा" म्हणण्यात. आधीच ५८ मुलं (आरटीईत सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलंय, ते लिहिलेलं आहे एवढंच), त्यात हे.

तर सरांच्या तासाला एकदा परवानगी घेऊन मागे बस. त्यांचा आवाज आणि डोळे वटारणं बघू नकोस, ते तुला जमणारही नाही आणि घ्यायचंही नाहीये. पहिली पाच मिनिटं बघ. दारात उभे राहून काय करतात, फळ्यावर काय आधीच लिहिलेलं असतं, वह्या कोण वाटतं, उशिरा आलेल्या पोराला किती शब्द बोलतात. मी पैज लावते, अर्धी शांतता तिथेच तयार होत असणार. आणि जे काही उरेल ते भीतीचं असेल तर ते त्यांचं त्यांच्याकडे राहू दे.

जेकब कौनिन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. ते स्वतःच्या वर्गात पेपर वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्यावर डाफरले, तर ज्यांनी काहीच केलं नव्हतं तेसुद्धा एकदम ताठ बसले, ते बघून त्यांना कुतूहल वाटलं की रागावण्याने नक्की होतं काय. मग त्यांनी पुढे कितीतरी वर्गांचं चित्रीकरण करून बारकाईने बघितलं आणि १९७० साली ते सगळं छापलं. त्यांना वाटलं होतं ज्यांचा वर्ग नीट चालतो त्यांची रागवायची काहीतरी वेगळी पद्धत असणार. तसं काही सापडलंच नाही! गडबड झाल्यावर काय करतात यात चांगल्या-वाईट वर्गांत फरकच दिसेना, फरक होता तो गडबड व्हायच्या आधी. वर्गात कुठे काय चाललंय याच्यावर ज्यांची नजर, एक काम संपून दुसरं सुरू होताना ज्यांच्याकडे रिकामा वेळ पडत नाही, त्यांचे वर्ग चालतात. आपल्याकडे पोरं म्हणतात ना, बाईंना पाठीला पण डोळे आहेत, तेच.

आणि ते डोळे शिकता येतात. फळ्यावर लिहिताना पूर्ण पाठ करू नकोस, तिरकी उभी राहा, दोन ओळी लिहिल्या की वळ. लांब गणित असेल तर मधल्या सुट्टीत आधीच लिहून ठेव. तासाला आत शिरल्या शिरल्या फळ्यावर एक छोटं गणित असू दे, कालचंच, दोन मिनिटांत होणारं, मुलांनी बसल्या बसल्या ते करायला घ्यायचं आणि तोवर तू हजेरी घ्यायचीस. पहिले चार-पाच दिवस कोणी करणार नाही. तू तरी रोज लिही. दुसऱ्या आठवड्यात पाच-दहा जण करतील, मग वाढत जातात, मुलांना सवय लागायला वेळ लागतो आणि आपण नेमकं तिसऱ्या दिवशी सोडून देतो. (जिल्हा परिषदेच्या शाळेतून ज्यांची पत्रं येतात, एकाच खोलीत पहिली ते चौथी, त्यांना तर हे तुझ्याहून जास्त उपयोगी आहे, एका इयत्तेला शिकवताना बाकीच्या तिघांच्या हातात काम पाहिजेच.)

आता एक किस्सा. माझ्या वर्गात उजवीकडच्या शेवटच्या दोन बाकांवर तीन पोरं होती, दुपारचे तास सुरू झाले की ह्यांची कुजबुज चालू. मी त्यांना उठवलं, बाहेर काढलं, पालकांना चिठ्ठी दिली, सगळं केलं. वर्षभर चाललं ते. मग एकदा चित्रकलेच्या परीक्षेला सुपरव्हिजन आलं आणि पाय दुखायला लागले म्हणून मी सहज त्याच बाकावर जाऊन टेकले, समोर फळ्याकडे बघितलं तर फळ्याचा निम्मा भाग नुसता चकाकत होता! दिवाळीच्या सुट्टीत फळ्याला काळा ऑइल पेंट मारला होता, डावीकडच्या खिडकीतून दुपारचा उजेड त्यावर पडायचा आणि बरोब्बर त्या कोपऱ्यात अक्षर दिसायचं नाही. ती पोरं वर्षभर एकमेकांना काय विचारत होती, तर "काय लिहिलंय रे?" आणि मी पालकांना चिठ्ठ्या पाठवत होते. इतकी लाज वाटली मला. खिडकीला जुनी चादर बांधली आणि प्रश्न मिटला, चादर माझ्या घरचीच.

तेव्हापासून मूल बोलतंय, झोपतंय, येत नाहीये, काहीही असलं तरी आधी त्याच्या जागेवरून बघायचं असं मी ठरवलं. सगळंच काही चादर बांधून सुटत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, तेव्हा आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर त्या मुलांना दोष देत बसल्या नाहीत, त्याच बालवाडी घेऊन पाड्यावरच्या अंगणात गेल्या. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर गुरांच्या मागे कुरणातच शाळा. तुला काही कुरणात जायचं नाहीये, ऑफ तासाला रिकाम्या वर्गात चार वेगवेगळ्या बाकांवर एकेक मिनिट बसायचंय फक्त.

आवाज बारीक आहे म्हणतेस. असू दे. माझ्याबरोबर एक मराठीच्या बाई होत्या, त्यांचा आवाज इतका हळू की पोरं ऐकायला पुढे झुकायची. आवाजावर आवाज चढवायचा नाही एवढंच पाळ. सूचना द्यायची तेव्हा रोज एकाच जागी जाऊन उभी राहा, फळ्याचा डावा कोपरा समज, तिथे उभी राहिलीस की बोलायचं काहीतरी आहे हे पोरांना महिन्याभरात समजतं. पहिल्या दिवशी एक मिनिट नुसतं उभं राहावं लागेल आणि ते मिनिट फार लांब वाटतं, माहितीये मला.

आणखी एक, प्रश्न विचारलास की थांब. मेरी बड रो म्हणून एक बाई होत्या अमेरिकेत, त्यांनी १९७० च्या आसपास विज्ञानाचे तास टेप करून मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबायचे आणि मग स्वतःच बोलायला लागायचे किंवा दुसऱ्याला विचारायचे. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली, न विचारता हात वर यायला लागले, "माहीत नाही" कमी झालं. तीन सेकंद! घड्याळ बघायची गरज नाही, मनात सावकाश "विठ्ठल विठ्ठल विठ्ठल" म्हण, होतात तीन सेकंद. आणि नाव प्रश्नाच्या शेवटी घे. आधी नाव घेतलंस की बाकीचे ५७ जण सुटले, डोकं बंद.

वह्यांचं तू लिहिलं नाहीयेस पण ढीग लागलेला असणार. ५८ वह्या, एकीला दोन मिनिटं म्हटली तरी जवळजवळ दोन तास, कोणाच्याने होत नाही, मग आपण न वाचता टिक मारत सुटतो. त्यापेक्षा रोज दहा वह्या घे आणि त्यातलं एकच गणित नीट वाच, कुठल्या पायरीला चुकलंय ते. शेरा लिहायचा तर "छान" लिहू नकोस, "दुसऱ्या ओळीतलं वजा चिन्ह बघ" असं लिही. त्या हातगाडीवाल्यांच्या मुलाची वही पहिल्या दहात घे. हिशोबात तो हुशार असेल, अशी माझी शंका आहे, भाजीच्या गाडीवर उभी राहणारी पोरं पाव किलोचा भाव तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर काढतात. एखादं गणित त्या भाषेत घाल कधीतरी, पण त्याचं नाव न घेता, आणि लगेच नको, जखम ओली आहे.

मैत्रीण की कडक, हा तुझा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला कारण मला तो खरा प्रश्नच वाटत नाही. मुलांना बाई आज कशा मूडमधे आहेत हे रोज ओळखावं लागू नये. सोमवारी हसून सोडलं त्याच गोष्टीला गुरुवारी बाकावर उभं केलं, की मग पोरं रोज चाचपून बघणारच ना, आज किती चालतंय. तीनच नियम ठेव, जे तू खरंच पाळून घेऊ शकशील असे, आणि घसा बसलेला असला तरी तेवढे पाळ.

मुख्याध्यापकांना टाळू नकोस. दोन-तीन आठवडे हे करून बघितलंस की आपणहून जाऊन सांग, सर, बुधवारी तिसऱ्या तासाला मागे येऊन बसता का, पहिली पाच मिनिटं कशी जातात ते बघा. व्हरांड्यातून जाताना ऐकू येतं ते एवढंच त्यांना माहितीये, त्यांचाही इलाज नाही.

राहिलं एमपीएससी. सोडणं म्हणजे पळून जाणं असं मी म्हणणार नाही, महिन्याचं मानधन १८ हजार (२०२३ च्या आधी तर माध्यमिकला ८ हजारच होतं), त्यात तीन वर्षं काढायची, वरून ऑनलाइन माहित्या भरा, ज्याला नको वाटतं त्याचं चूक नाही. माझ्या बरोबरीच्या दोघीजणी सोडून गेल्या आणि सुखात आहेत. पण घसा बसलेला असताना आणि मनात त्या मुलाचं खुपत असताना ठरवू नकोस, वार्षिक परीक्षेचे निकाल लागेपर्यंत थांब. तोवर एक कर, ज्या दिवशी तास चांगला झाला त्या दिवशी घरी येऊन कॅलेंडरवर एक टिंब काढ. बाकी काही लिहू नकोस. एप्रिलअखेर टिंबं मोज. महिन्यात दोन-तीनच निघाली आणि तीही काढताना काही वाटलं नाही, तर पुस्तकं आण आणि मोकळ्या मनाने अभ्यासाला लाग. पण प्रयोगाच्या दिवशी घंटा कळत नाही असं लिहिणारीच्या कॅलेंडरवर दोन-तीन निघतील असं मला काही वाटत नाही, आणि मुळातच असावं लागतं की नाही हे तू मला विचारतेस, मी तर सात-आठ वर्षं नोकरी झाल्यावर शिकवायला शिकले, ती चादर बांधली ते अकरावं वर्ष होतं.

कोमट पाणी पी, तासाला बाटली घेऊन जा. आणि रिकाम्या वर्गात बसून बघितलंस की मला कळव, कुठल्या बाकावरून फळा दिसत नाही ते.